इच्छा कोणाची आणि दया कोणाची?

इच्छामरण म्हटलं की मराठी माणसाला आधी भीष्म आठवतात. शरपंजरी पडलेले, उत्तरायणाची वाट बघणारे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपलं सगळं लक्ष बाणांच्या बिछान्याकडे असतं, त्यामुळे त्यातली एक 'टेक्निकल' बाब निसटते. भीष्मांना मरणाची परवानगी आधीच मिळालेली होती. ती वडिलांनी दिली होती, आणि ती कधी वापरायची हे सर्वस्वी त्यांच्या हातात होतं. साक्षीदार नाहीत, मेडिकल बोर्ड नाही, मॅजिस्ट्रेट नाही!

आपण भीष्म नाही. त्यामुळे परवानगी कोणाकडे मागायची आणि ती देणाऱ्यानं काय काय तपासायचं, हा प्रश्न आपल्याकडे गेली चाळीसेक वर्षं कोर्टात फिरतो आहे. त्याचा बराचसा भाग मुंबईत घडला, आणि तरीही माझ्या वयाच्या लोकांना त्यातलं 'अरुणा शानबाग' या नावापलीकडे फारसं माहीत नसतं. म्हणून या वीकएंडला हा विषय. जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ निस्तरून घेऊ. इंग्रजीत 'युथनेशिया' या एकाच शब्दात सगळं कोंबलेलं आहे. मराठीत सुदैवानं दोन शब्द आहेत: इच्छामरण आणि दयामरण. पहिल्यात मरणाऱ्याची इच्छा आहे, दुसऱ्यात बघणाऱ्याची दया. वर्तमानपत्रं दोन्ही शब्द आलटून पालटून वापरतात, जणू एकच गोष्ट आहे. माझ्या मते आपल्या कायद्याचा सगळा गोंधळ या आलटून पालटून वापरण्यातच आहे. नाव इच्छामरणाचं घेतलं गेलं आणि खटले मात्र दुसऱ्याच कशाचे तरी चालले. कसे ते बघा.

आधी कायद्याच्या बाहेरची दोन माणसं. फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी औषध, अन्न आणि पाणी बंद केलं आणि २६ तारखेला ते गेले. त्याआधी त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक कसा असतो यावर लेखही लिहिला होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. खुद्द इंदिरा गांधी त्यांना भेटायला गेल्या होत्या. या दोन माणसांचं आयुष्यात कशावर एकमत झालं असेल असं वाटत नाही, पण शेवट त्यांनी सारखाच निवडला. आणि दोन्ही वेळा भारतीय दंड विधानाचं कलम ३०९, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंतची शिक्षा सांगणारं कलम, पुस्तकात जागच्या जागी होतं. कोणी ते उघडलं नाही. मोठ्या माणसाची इच्छा आपला समाज न विचारता मान्य करतो. प्रश्न येतो तो तुमच्या-माझ्यासारख्यांचा.

तो प्रश्न मुंबईत पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडला मिनू मसानींनी. हो, तेच स्वतंत्र पक्षाचे मसानी. १९८१ मध्ये त्यांनी 'सोसायटी फॉर द राइट टू डाय विथ डिग्निटी' ही संस्था काढली. आयुष्यभर सरकारनं माणसाच्या व्यवहारात कमीत कमी ढवळाढवळ करावी असं सांगणाऱ्या माणसानं शेवटी मरणाच्या बाबतीतही तेच सांगावं, हे तर्काला धरूनच झालं. त्यांची मागणी तशी साधी होती. शुद्धीवर असताना माणसानं लिहून ठेवावं की बरं होण्याची आशा संपल्यावर मला यंत्रांवर ठेवू नका, आणि त्या कागदाला मान देणाऱ्या डॉक्टरवर खटला होऊ नये. याच धर्तीवर समाजवादी नेते प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत खाजगी विधेयक मांडलं. स्वतंत्र पक्षवाला आणि समाजवादी एका बाजूला, हे दृश्यही तसं दुर्मिळच! विधेयकाचा कायदा झाला नाही. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की या मागणीत 'इच्छा' अगदी स्पष्ट होती: लेखी, आधीच दिलेली, ज्याची त्यानं दिलेली. पुढची तीसेक वर्षं ती हरवूनच गेली.

कारण कोर्टापुढे आला मारुती दुबळ.

मारुती श्रीपती दुबळ हा मुंबई पोलिसातला शिपाई. रस्त्यावरच्या अपघातानंतर त्याचं मानसिक संतुलन बिघडलं होतं. पोटापाण्यासाठी दुकान लावायची परवानगी महापालिकेकडून मिळेना, म्हणून त्यानं पालिकेच्या कार्यालयात स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. लोकांनी त्याला अडवलं, आणि पोलिसांनी कलम ३०९ लावलं. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. युक्तिवाद वाचायला मजा येते. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्य येतं, तसं जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्क येतो, असा त्याचा साधारण आशय. आणि मन आजारी असलेल्या माणसाला कोठडीची नाही, मानसोपचारांची गरज असते, हेही त्यात होतं. ते तर आज कोणालाही पटेल. शिवाय दयामरण ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे मारणारा दुसरा कोणी असतो, हा भेदही न्यायालयानं तेव्हाच नोंदवून ठेवला होता.

इथे जरा थांबतो. दुबळला मरायचं होतं का? त्याला दुकान लावायचं होतं! 'मरण्याचा हक्क' या मोठ्या शब्दांखाली आपल्या न्यायालयीन इतिहासातला हा पहिला गाजलेला माणूस खरं तर जगण्याचं साधन मागत होता. (जाता जाता: जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ नाही. पण कलम २२६ आहे, आणि ते सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगतं. म्हणजे बाकी सगळे सुटले आणि नेमका दुबळ पुन्हा अडकला असता.)

१९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही कलम ३०९ रद्द केलं. आता वाट मोकळी झाली असं मसानींच्या मंडळींना वाटलं असणार. पण दोनच वर्षांत ग्यान कौर खटला आला, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

ग्यान कौर आणि तिचा नवरा हरबन्स सिंग हे पंजाबातलं जोडपं. त्यांच्यावर गुन्हा कुठला? तर सुनेला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा. कुलवंत कौर हे त्या सुनेचं नाव. खालच्या कोर्टात दोघं दोषी ठरली होती, आणि सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला तो असा: रथिनम निकालानुसार मरण हा जर मूलभूत हक्क आहे, तर तो हक्क बजावायला मदत करणाऱ्याला शिक्षा कशी होईल?

पुन्हा एकदा वाचा ते वाक्य. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ऑफिसमध्ये चहा पिताना आपण 'माझं शरीर, माझा निर्णय' असं सहज बोलतो. तोच युक्तिवाद इथे सुनेच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेले सासू-सासरे करत होते! आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीनं त्यात फारशी चूकही काढता येत नव्हती. मार्च १९९६ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं रथिनम निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं सांगितलं. मात्र एक फट ठेवली. सन्मानानं जगण्याच्या हक्कात सन्मानानं मरणंही येतं, आणि ज्याच्या मृत्यूची प्रक्रिया सुरूच झाली आहे त्याचं मरण लांबवत न बसणं ही वेगळी गोष्ट आहे. पुढचं सगळं या फटीतून आलं.

इच्छामरणाच्या बाजूचे लोक (मीही त्यांतलाच, हे एव्हाना कळलं असेलच) ग्यान कौरच्या निकालाला प्रतिगामी वगैरे म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. या देशात माणसाला मरायला भाग पाडणारे लोक बऱ्याचदा त्याच घरात राहतात. 'तिनं स्वतःच्या इच्छेनं केलं' हे वाक्य किती सुनांच्या बाबतीत पोलिसांना ऐकवलं गेलंय, ते आठवून बघा. तेव्हा इच्छा तपासायची यंत्रणा हा शोभेचा भाग नाही, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

आता १९७३ या सालाकडे जरा मागे जाऊ. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या लेउवार्डेन गावच्या कोर्टात पोस्टमा नावाच्या डॉक्टर बाईंवर खटला चालला. त्यांची आई मेंदूतल्या रक्तस्रावानंतर अर्धांगानं नर्सिंग होममध्ये पडून होती आणि मला जगायचं नाही असं वारंवार सांगत होती. मुलीनं १९७१ मध्ये तिला मॉर्फिन दिलं आणि स्वतःच जाऊन ते सांगितलं. कोर्टानं दोषी ठरवलं आणि शिक्षा दिली एका आठवड्याची, तीही स्थगित. मधल्या काळात आसपासच्या डॉक्टरांनी उघड पत्र लिहून कळवलं होतं की असं आम्हीही केलेलं आहे. तिथून पुढे खटल्यामागून खटले झाले आणि एकेक अट ठरत गेली: रुग्णाची स्वतःची, विचारपूर्वक केलेली मागणी हवी. यातना असह्य हव्यात आणि सुधारणेची आशा नको. त्याला सगळी माहिती दिलेली हवी. दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरनं तपासलेलं हवं. १ एप्रिल २००२ पासून याचाच कायदा लागू झाला. डॉक्टरनं आधी कोर्टाची परवानगी काढायची नाही, पण नंतर प्रत्येक मृत्यू समितीला कळवायचा, आणि समितीत वकील, डॉक्टर, नीतिशास्त्रज्ञ बसून फाईल तपासणार. आमच्या भाषेत सांगायचं तर अप्रूव्हल कमी, पण ऑडिट कडक. २०२४ मध्ये तिथे अशा सुमारे दहा हजार मृत्यूंची नोंद झाली, म्हणजे एकूण मृत्यूंच्या जवळजवळ सहा टक्के. हा आकडा काहींना स्वातंत्र्याचा वाटतो, काहींना घसरगुंडीचा. मानसिक आजारांच्या बाबतीत तर खुद्द त्यांच्यातही जोरात वाद आहेत.

आणि त्याच वर्षी, २७ नोव्हेंबरला, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग या पंचवीस वर्षांच्या नर्सवर वॉर्डबॉयनं हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या माणसाला शिक्षा झाली सात वर्षांची, खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी. बलात्काराचा गुन्हा दाखलच झाला नव्हता. तो सुटून गेला. अरुणा बेचाळीस वर्षं त्याच हॉस्पिटलात पडून राहिली.

या बेचाळीस वर्षांबद्दल लिहायला शब्द कमी पडतात, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. एक म्हणजे तिच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला गेला नाही. कुणी कधी घरच्या म्हाताऱ्या माणसाची सेवा केली असेल तर त्याला याचा अर्थ कळेल. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. अरुणाला कधी चालता-बोलताना न पाहिलेल्या मुलींनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. दुसरी गोष्ट म्हणजे या सगळ्या काळात तिला काय हवं होतं हे कोणालाही, अगदी कोणालाही माहीत नव्हतं.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि २००९ मध्ये तिची मैत्रीण या नात्यानं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला अन्न देणं थांबवावं. न्यायालयानं मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमून तपासणी करवली. केईएमचं म्हणणं ठाम होतं: आम्ही तिला सांभाळतो, आमची काही तक्रार नाही. ७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. तिच्या वतीनं बोलायचा अधिकार पुस्तक लिहिणाऱ्या व्यक्तीचा नाही, तिला रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं म्हटलं. आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार काढून घेण्याला, देशात पहिल्यांदा परवानगीही दिली. फक्त प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची मंजुरी घ्यायची. उद्या केईएमचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा, असंही लिहून ठेवलं. मत बदललं नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं अरुणा गेली.

मला या खटल्यात दोन्ही बाजूंबद्दल आदर वाटतो, आणि दोन्ही बाजू दयेबद्दलच बोलत होत्या हेही दिसतं. विराणींची दया म्हणत होती, सोडवा तिला. नर्सेसची दया म्हणत होती, राहू द्या. अरुणाची इच्छा हा मुद्दाच तिथे उपलब्ध नव्हता, तरी टीव्हीवर आठवडाभर चर्चा झाली ती 'इच्छामरण' या पाटीखाली. आणि खटला दयामरणाचा असल्यामुळे सुरक्षेचे उपायही दयामरणाचेच आले. माणूस बोलू शकत नाही, नातेवाइकांवर विश्वास नाही, इस्टेटीचा संशय आहे, म्हणून न्यायाधीश हवेत. निकालात ही भीती अगदी स्पष्ट शब्दांत आहे. अरुणासारख्या केसमध्ये ती रास्तच आहे. पण ज्यानं स्वतः हातानं लिहून ठेवलंय त्याचं काय? विधी आयोगानं तर २००६ च्या १९६ व्या अहवालात असे कागद ग्राह्यच धरू नयेत असं सुचवलं होतं! मसानींनी पंचवीस वर्षांपूर्वी मागितलेली नेमकी तीच गोष्ट.

ती अखेर मिळाली ९ मार्च २०१८ ला. 'कॉमन कॉज' या संस्थेनं २००५ मध्ये याचिका केली होती, तिचा निकाल तेरा वर्षांनी लागला (आमच्या प्रोजेक्टच्या डेडलाईनबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही). पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'लाही मान्यता दिली. सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसानं आधीच लिहून ठेवायचं की अमुक अवस्थेत मला अमुक उपचार नकोत.

आता सुरक्षेचे उपाय ऐका. दोन साक्षीदार, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही. त्याची एक प्रत दंडाधिकाऱ्याकडे, एक जिल्हा न्यायालयात, एक महापालिका किंवा पंचायतीत. वेळ आली की हॉस्पिटलचं मेडिकल बोर्ड बसणार, त्यातले तज्ज्ञ किमान वीस वर्षं अनुभवाचे. त्यांनी हो म्हटलं की कलेक्टरला कळवायचं. कलेक्टर दुसरं बोर्ड नेमणार. त्यांनीही हो म्हटलं की मॅजिस्ट्रेट स्वतः हॉस्पिटलात येऊन रुग्णाला बघणार, आणि मग परवानगी. हे सगळं व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी! हा फ्लो लिहिणाऱ्यांनी तो एकदा तरी शेवटपर्यंत चालवून बघितला असता तर बरं झालं असतं. जिल्ह्याच्या गावी वीस वर्षं अनुभवाचे इतके तज्ज्ञ एका वेळी जमवणं म्हणजे काय असतं, ते तिथल्या डॉक्टरलाच विचारावं.

सिस्टीम वापरण्याच्या लायकीची नसली की लोक आडवाट शोधतात, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. मरणाच्या बाबतीत ती आडवाट कधीपासून होतीच. आयसीयूमध्ये नातेवाईक असलेल्या कोणालाही ती माहीत असते. एका संध्याकाळी बिलाचा आकडा कळतो, घरातले पुरुष कॉरिडॉरमध्ये हळू आवाजात बोलतात, आणि कोणीतरी एक फॉर्म भरतं: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. माझ्या एका लांबच्या काकांना असंच घरी आणलं होतं. काकांना काय हवं होतं हे मला माहीत नाही. कोणी विचारलं नव्हतं. विचारायच्या वेळी ते बोलत होते, तेव्हा विषय अशुभ होता, आणि नंतर ते बोलत नव्हते. त्या फॉर्मवर सही होती काकांच्या मुलाची. बोर्ड नाही, कलेक्टर नाही, पेशंटची इच्छा नाही, आणि बऱ्याचदा घरी वेदनाशामक औषधाची धड सोयही नाही. समोरच्या दाराला सात कुलपं लावून मागचं दार सताड उघडं!

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची संघटना २०१९ मध्ये हेच घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ जानेवारी २०२३ ला न्या. के. एम. जोसेफ यांच्या पीठानं नियम सोपे केले. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. पहिल्या बोर्डात उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसरं बोर्डही हॉस्पिटलच नेमतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. मॅजिस्ट्रेटनं यायची गरज नाही, त्याला कळवायचं. तरीही कागद सांभाळणार कोण, हे अडूनच होतं. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०२४ मध्ये आपल्या राज्यात स्थानिक संस्थांनी त्यासाठी अधिकारी नेमले. गोव्यात त्याच वर्षी, उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. गोव्यातलं ते पहिलंच.

हे सगळं अजूनही 'उपचार नकोत' इथपर्यंतच आहे. डॉक्टरकडून इंजेक्शन मागणं, म्हणजे सक्रिय इच्छामरण, भारतात गुन्हाच आहे. २०१७ च्या शेवटी मुंबईतल्या एका वृद्ध जोडप्यानं थेट राष्ट्रपतींना पत्र लिहून ते मागितलं होतं. मूलबाळ नाही, मोठा आजार नाही, आणि आजाराची वाट बघत बसायची इच्छा नाही. इतकी स्वच्छ 'इच्छा' या सगळ्या इतिहासात दुसरी सापडत नाही, आणि नेमक्या त्याच अर्जाला बसवायला कायद्यात खाना नाही.

माझं मत विचाराल तर असाध्य आजारात, शुद्धीत असलेल्या माणसानं पुन्हा पुन्हा मागितलं, तर सक्रिय मदतही कायदेशीर असावी. दोन स्वतंत्र डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, आणि घरच्यांना खोलीबाहेर पाठवून एकट्याशी केलेलं बोलणं, या अटी तर हव्याच. डचांचे नियम तसेच उचलून आणू नयेत असंही मला वाटतं. तिथे प्रत्येकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर आहे आणि बिल विमा भरतो. त्यामुळे मागणीमागे पैशाची भीती आहे का, हा प्रश्न तिथे तितका टोचत नाही. आपल्याकडे 'मला सोडवा' म्हणणारी आजी खरं तर 'पोराचं घर गहाण पडू देऊ नका' म्हणत असू शकते, आणि ती ते अगदी शुद्धीत, अगदी स्वेच्छेनं म्हणते. मॅजिस्ट्रेट, कलेक्टर, बोर्ड यांतलं कोणीही हे पकडू शकत नाही. ते पकडायचं तर जिल्ह्याच्या हॉस्पिटलात मॉर्फिन आणि वेदनाशमन विभाग आधी हवा, कारण दुसरा पर्याय समोर असला तरच निवड असते. २०१६ मध्ये सरकारनं अखेरच्या आजारातल्या उपचारांबद्दल एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. त्याचा कायदा झाला नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी स्वतःचा नमुना भरायला घेतलाय. चार पानं आहेत. कुठल्या अवस्थेत काय नको, हे लिहायला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. दोन साक्षीदार ऑफिसातलेच मिळाले, नोटरी कोपऱ्यावर आहे. अडलंय ते एका रकान्यात: मी बोलू शकत नसेन तेव्हा माझ्या वतीनं निर्णय कोण घेईल? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "असलं अभद्र काही लिहू नकोस." ताई म्हणाली, "माझं नाव घाल, पण मला जमेल असं नाही." २०२३ च्या नियमानुसार एकापेक्षा जास्त नावं देता येतात. बघू, रविवारी घरी गेल्यावर दोघींशी समोर बसून बोलायचं ठरवलंय.